माळ्यावरची ओल आणि गळती: कोल्हापूरच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग लागला की माझा फोन वाजायला लागतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "माळा गळतोय वो, काय मारायचं सांगा." काय मारायचं ते सगळ्यात शेवटी. आधी पाणी येतंय कुठून ते बघू. पेठांतली कौलारू घरं, उपनगरांतली पत्र्याची शेडं आणि स्लॅबच्या घरातले पोटमाळे, या तिन्हींवर चढताना पुन्हा पुन्हा कानावर आलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

डाग जिथे दिसतो, त्याच्या बरोबर वरच भोक असणार ना?

क्वचितच. कौलातून शिरलेला थेंब आधी रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्टीवर पडतो, तिथून वाशावर, म्हणजे उताराच्या दांड्यावर येतो, वाशाच्या पोटाला चिकटून उताराने घसरत जातो आणि जिथे खिळा, गाठ किंवा जोड आडवा येतो तिथे टपकतो. पाच-सहा फुटांचा प्रवास सहज होतो. त्यामुळे डागापासून वर, आढ्याच्या, म्हणजे छपराच्या माथ्याच्या दिशेने शोधत जायचं. विजेरी वाशाला जवळजवळ समांतर धरा. तिरप्या उजेडात पाण्याची वाळलेली वाट लाकडावर चकाकते, समोरून उजेड टाकला तर ती दिसतच नाही.

जुन्या वाड्यांत कडीपाटाच्या माळ्यावर फळ्यांवर मातीचा थर असतो. ती माती आधी पाणी पिते आणि पोट भरलं की मग खालच्या खोलीत सोडते. घरचे शपथेवर सांगतात, "पाऊस नसताना गळतंय." पाऊस होता, पण काल.

म्हणून कुणी फोन केला की "कुठे गळतंय" याआधी मी "कधी गळतं" हे विचारतो.

"कधी" यावरून काय कळणार?

जवळजवळ सगळं. आपल्याकडे जुलैत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पोराबाळांना फुटा-इंचात पाठ असते, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. तसंच आपल्या माळ्याचंही एका वहीत लिहून ठेवा: तारीख, पाऊस कसा होता, वारा कुठून होता, पहिला थेंब किती वेळाने पडला आणि पाऊस थांबल्यावर ठिबकणं किती वेळ चाललं. पंधरा दिवसांची अशी वही असेल तर माझं निम्मं काम झालेलं असतं.

पाऊस सुरू झाल्यावर दोन-चार मिनिटांत टपकलं, तर वाट सरळ आहे. कौल फुटलंय, सरकलंय, किंवा पत्र्याचा वॉशर गेलाय. धो-धो सर आली की गळतं आणि रिपरिपीत गळत नाही, तर भोक शोधू नका, छपराच्या काठाची पन्हळ बघा. ती तुंबलीय किंवा लहान पडतेय आणि पाणी काठावरून आत उलटतंय. याच्या उलट, सर आली तरी कोरडं आणि तीन-चार दिवस झिमझिम लागली की ओल, हे भिंत किंवा जुनं झिजलेलं कौल हळूहळू पाणी पीत असल्याचं लक्षण आहे.

मे महिन्यातल्या वळवात गळलं आणि जुलैभर कोरडं राहिलं, तर वाऱ्याचा संबंध आहे. पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. वळवाला दिशा नसते, तो कुठूनही झोडपतो. ज्या बाजूने जुलैत कधी पाऊस लागत नाही त्या बाजूची फट वळवात उघडी पडते. आणि फक्त जुलैत, तेही पश्चिमेच्याच पाख्यावर, म्हणजे छपराच्या त्या बाजूच्या उतारावर, किंवा पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीवर ओल येत असेल, तर वाऱ्याने आडवा मारलेला पाऊस कुठून शिरतोय ते बघा.

राहिला शेवटचा प्रकार. रोज ठरावीक वेळेला, नळाला पाणी सुटल्यावर तासाभरात ठिबकतं. याचा पावसाशी काही संबंध नाही. वरच्या टाकीचा बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता नळ बिघडलाय आणि टाकी भरून वाहतेय. हसू येईल, पण या कारणासाठी छप्पर उलगडलेलं मी पाहिलंय.

थंडीत, आकाश निरभ्र असताना, पहाटे पत्र्याला आतून थेंब येतात. पत्र्याला भोक तर एकही नाही. हे काय?

हे घरातलंच पाणी. हवेत वाफ असते आणि हवा थंड पृष्ठभागाला टेकली की ती वाफ पाणी होते, थंडगार ताकाचा पेला बाहेरून ओला होतो तशी. आकडा सांगतो: खोलीत २५ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर पत्रा साधारण २१ अंशांवर येताच त्याच्यावर दव धरायला लागतं. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. डिसेंबर-जानेवारीत म्हणूनच हा त्रास पहाटे दिसतो. पावसाळ्यातही होतो. दिवसभर उकडलेल्या घरावर संध्याकाळी गार सर आली की पत्रा एकदम थंड पडतो आणि आतून घामतो.

एवढी वाफ येते कुठून? न्हाणीतला बंब, आत वाळत घातलेले कपडे, बंद स्वयंपाकघरात तासभर रटरटणारा रस्सा आणि झोपलेल्या माणसांचा श्वास. वाफ वर जाते आणि वर माळा असतो. पन्हाळ्यासारख्या उंचावरच्या, धुक्याच्या ठिकाणी बाहेरची हवाच इतकी ओली असते की माळा दिवसा उघडला तरी फार वाळत नाही. तिथे दुपारी थोडं ऊन पडेल तेवढ्याच वेळात तो उघडायचा आणि पुन्हा बंद करायचा.

ओल बाहेरून झिरपतेय की आतल्या वाफेची आहे, हे घरी तपासता येईल का?

येतं, आणि खर्च चहाच्या पैशांएवढा. पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद घ्या. ओलसर भिंतीचा किंवा स्लॅबच्या पोटाचा फूटभर चौरस भाग फडक्याने कोरडा पुसा आणि कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा. २४ तासांनी बघा. कागदाच्या खोलीकडच्या तोंडावर पाणी असेल तर ती वाफ आहे. कागद सोलल्यावर मागच्या तोंडावर पाणी असेल तर ओल भिंतीतून येतेय. दोन्हीकडे असेल तर तुमचं नशीब, दोन्ही दुखणी आहेत.

दुसरी खूण खिळ्यांची. माळ्यावरच्या सगळ्या खिळ्यांच्या टोकांना सारखाच गंज असेल तर वाफ. एकाच पट्ट्यातले खिळे तांबरलेले आणि बाकीचे स्वच्छ असतील तर गळती. थेंबांचंही तसंच: पूर्ण पत्राभर एकसारखे बारीक थेंब म्हणजे दव, एकाच रेषेत मोठे थेंब म्हणजे भोक.

आजोबांच्या काळात माळा खडखडीत होता. सिलिंग केल्यापासून कुबट वास येतो. असं का?

कारण तुम्ही घराचं नाक दाबलंत. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

कौलारू छप्पर पाणी अडवतं, पण हवा अडवत नाही. कौलांच्या सांध्यांतून, वळचणीतून, आढ्याखालून दिवसभर वारा फिरतो. थोडं पाणी शिरलं तरी संध्याकाळपर्यंत वाळतं. त्यात पूर्वी चूल होती. तिचा धूर आणि ऊब रोज वासे शेकून काढायची. काळे पडलेले ते वासे ऐंशी-ऐंशी वर्षं टिकले त्यात या धुराचा वाटा मोठा आहे. मग गॅस आला, चूल गेली. इथवर ठीक होतं. नंतर धूळ पडते, उंदीर येतात, उन्हाळ्यात तापतं म्हणून कौलांखाली पीओपी किंवा प्लास्टिकचं सिलिंग आलं, आणि पाखरं येऊ नयेत म्हणून वळचणीच्या फटी सिमेंटने बुजवल्या. आता जे थोडं पाणी शिरतं ते सिलिंगच्या वर, अंधारात, न वाळता पडून राहतं. वरून दिसत नाही, खालून दिसत नाही. दिसतं तेव्हा पीओपीला पिवळा डाग आलेला असतो आणि वासा मऊ झालेला असतो.

सिलिंग काढून टाका असं मी म्हणत नाही, घरात राहायचं तुम्हाला आहे. पण वळचणीच्या फटी पुन्हा मोकळ्या करा आणि पाखरांसाठी बारीक जाळी मारा. आढ्याजवळ दोन्ही टोकांच्या भिंतींत झरोके ठेवा, म्हणजे खालून आलेली हवा वरून बाहेर पडेल. आणि सिलिंगमध्ये माणूस शिरेल एवढं झाकण ठेवा. झाकण नसलेलं सिलिंग करून देणाऱ्यांवर माझा राग आहे.

कौलारू छपरात नेमकं कुठे बघायचं?

दुपारी माळ्यावर जा, दिवे बंद करा आणि डोळे सरावू द्या. जिथून सरळ आभाळ दिसतं तिथे कौल गेलंय. मात्र मंगलोरी कौलांच्या सांध्यांतून तिरपा उजेड येतोच, त्याला घाबरू नका. पाणी खाली वाहतं, उजेडासारखं तिरपं येत नाही.

मग आढं. आढ्यावरची कौलं मसाल्यात बसवलेली असतात. लाकूड उन्हापावसात हलतं, सिमेंट हलत नाही, म्हणून तिथे दोन-चार वर्षांत चीर पडते. जुना चुन्याचा मसाला थोडा सांभाळून घ्यायचा. त्यानंतर दोन पाखी जिथे आत मिळतात ती खोलगट रेषा आणि तिच्यातला पत्रा. सगळ्या छपराचा कचरा तिथे जमतो, पत्रा कुजतो आणि भोक पानांखाली लपतं. पेठेतल्या एल आकाराच्या घरांत मी पहिल्यांदा तिथेच बघतो.

छप्पर जिथे उंच भिंतीला टेकतं तो सांधा बघा. भिंतीतून पिंपळ किंवा उंबर उगवलाय का तेही बघा. वरवर खुडून उपयोग नाही, मूळ भिंतीत असतं.

संशयाचं कौल काढून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर धड आहे, बद्द वाजलं तर डोळ्यांना न दिसणारी चीर आहे. माठ घेताना वाजवतो तसंच. कौलांच्या सांध्यांत शेवाळ साचलं असेल तर ते पाणी वर ओढून घेतं. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, वाळलेलं असताना ब्रशने काढा.

उतारही मोजा. दोन फूट आडव्याला एक फूट उभा यापेक्षा उतार कमी असेल, तर मंगलोरी कौल वाऱ्याच्या पावसात दगा देणारच. कधी कधी मूळ उतार बरोबर असतो, पण वासे वाकून पाखं पोटात गेलेलं असतं आणि तेवढ्याच पट्ट्यात पाणी रेंगाळतं. रस्त्याच्या पलीकडून बघितलं की हे लगेच कळतं.

दर वैशाखात शाकारणी करतो, कौलं काढून पुन्हा नीट बसवतो. तरी गळतं. माणसं चुकतात का?

कधी कधी. पण माझीच गोष्ट सांगतो. आमच्या स्वतःच्या घराचा माळा लागोपाठ दोन पावसाळे गळला. दोन्ही वेळा मी पश्चिमेचं पाखं पूर्ण चाळून घेतलं, फुटकी कौलं बदलली, मांजरांना शिव्या घातल्या. तिसऱ्या वर्षी पावसात, छत्री घेऊन, पहिल्यांदा माळ्यावर जाऊन बसलो. पाणी एका काळ्या वायरीवरून येत होतं. कुणी तरी केबल टाकताना आढ्याखालच्या भिंतीला भोक पाडून वायर आत घेतली होती, उतार आतल्या बाजूला. वायर घरात शिरण्याआधी बाहेर खाली झुकवली असती तर पाणी तिथेच टपकलं असतं. दोन वर्षांच्या शाकारणीचा खर्च आणि कारण बोटभर भोक. तेव्हापासून पाऊस चालू असताना माळा पाहिल्याशिवाय मी कौलाला हात लावत नाही.

पत्र्याच्या छपराचं काय?

इथे फार गूढ नसतं. दहापैकी सात-आठ वेळा स्क्रू किंवा जे-हुक. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायला हवा. खाचेत मारला तर पाणी त्याच्यावरूनच वाहतं. रबरी वॉशर उन्हाने तडकतात, आणि फार आवळलेला वॉशर लवकर फाटतो. वर-खालच्या दोन पत्र्यांचा चढाव, म्हणजे एकावर एक येणारा भाग १५० मिलिमीटर तरी हवा, आणि बाजूच्या चढावाचं उघडं तोंड पश्चिमेकडे असू नये. स्लॅबवर गळती थांबवायला शेड मारलं असेल, तर शेडच्या खांबांच्या बुडाशी स्लॅबला पाडलेली भोकं आधी तपासा. औषधच दुखणं झालेलं असतं.

जुना सिमेंटचा पत्रा घासू नका, कापू नका, कोरडा ड्रिल करू नका; त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. त्याच्यावर थेट पायही देऊ नका.

पन्हळ लहान पडतेय हे कसं ओळखायचं?

हिशेब करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद छपरावर ५० मिलिमीटर पडला तर ३००० लिटर, दोन पाखी धरली तर प्रत्येक पन्हळीत १५००. शहरात असा दिवस पावसाळ्यात काही वेळा येतो. गगनबावडा, राधानगरीकडच्यांना हे सांगायला नको, तिकडे शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो. आणि घरी पन्हळीचा पाइप किती? बहुधा तीन इंची, वर पानांनी बुजलेला. पाइपाच्या तोंडाची जाळी जूनमध्ये दर आठवड्याला साफ करा.

पाऊस नसताना पाइपने पाणी मारून गळती शोधता येते का?

येते, दोन माणसं लागतात. एक वर पाइप घेऊन, एक माळ्यावर विजेरी घेऊन. सुरुवात वळचणीपासून करायची आणि एकेक पट्टा वर सरकत जायचं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून खाली येतं आणि काहीच कळत नाही. प्रत्येक पट्ट्याला दहा-पंधरा मिनिटं द्या. धार कौलांच्या सांध्यात उलटी, खालून वर मारू नका. तसा पाऊस पडत नाही आणि कोरडं छप्परही त्यात गळेल.

आमचं स्लॅबचं घर आहे. पोटमाळ्यात, भांड्यांच्या मागे ओल येते.

आधी भांडी काढा. पितळेच्या हंड्यांमागे आणि गाद्यांमागे हवा फिरत नाही, नुसत्या कोंदटपणानेही भिंत ओली होते. चंदेरी कागदाची परीक्षा इथे पहिली.

ओल झिरपणारीच निघाली, तर वर काय आहे ते बघा. वर गच्ची असेल तर कठडा आणि स्लॅब यांचा कोपरा बघा. गवंडी तिथे जो गोलसर वाटा करतो तो तडकलेला असतो. कोबा, म्हणजे स्लॅबवरचा वरचा थर ठोकून बघा, पोकळ वाजला तर त्याच्याखाली पाणी साचतंय. सोलरच्या पायांचे बोल्ट, डिशचे बोल्ट हीही ठरलेली ठिकाणं. खात्री करायची तर गच्चीची तोंडं बुजवून दोन इंच पाणी ४८ तास धरून ठेवा. मात्र स्लॅब आधीच खाली लोंबत असेल किंवा गज उघडे पडले असतील तर हा प्रयोग करू नका, आधी इंजिनिअरला दाखवा.

वर दुसऱ्याचं बाथरूम असेल तर नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीच्या तोंडात रंगीत पाणी ओता. खाली रंग उतरला की वाद संपतो. नळाच्या पाइपची शंका असेल तर रात्री घरातले सगळे नळ बंद करा, टाकीत येणारं पाणीही बंद करा, पातळीवर खडूने खूण करा आणि सकाळी बघा.

शेजाऱ्याचं छप्पर आमच्या भिंतीवर पाणी सोडतं. काय करायचं?

पेठेतल्या घरांच्या भिंती सामाईक, दोन छपरांमध्ये एकच पन्हळ आणि ती कुणाची हे आजोबांनाच माहीत. माझा सल्ला: पाऊस चालू असताना शेजाऱ्यांना "काका, जरा वर येऊन बघता का" म्हणून माळ्यावर न्या. पाणी डोळ्यांनी दिसलं की माणूस मवाळ होतो. खर्च निम्मा-निम्मा ठरला तर पन्हळीच्या पत्र्यात हात आखडू नका. तो पत्रा बदलायला पुन्हा दोन्ही छपरं उघडावी लागतात.

भिंतीवर पांढरं आलंय. बुरशी की लोणा?

पाण्याचा फवारा मारा. विरघळून दिसेनासं झालं तर लोणा, म्हणजे भिंतीतून पाणी येताना आणलेला क्षार. तसंच राहिलं तर बुरशी. लोण्यावर रंग मारू नका, वर्षभरात पोपडे येतील.

वासा कुजलाय का, कसं कळेल?

स्क्रू ड्रायव्हर टोचा. धड लाकडात तो अडतो, कुजक्यात लोण्यात सुरी जावी तसा जातो. विशेषतः वाशाचं भिंतीत गेलेलं टोक आणि वळचणीकडचं टोक तपासा. ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर २० टक्क्यांच्या खालचं लाकूड सहसा कुजत नाही. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आलीय, आणि वाळवीला ओल आवडते. ओल न काढता नुसतं औषध मारलं तर ती परत येते.

माळ्यावर चढताना काय सांभाळायचं?

मेन स्विच बंद. जुन्या माळ्यावरच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतात आणि ओल्या लाकडावर पाय असतो. पाय फक्त वाशांवर किंवा टाकलेल्या फळीवर ठेवा. हात घालण्याआधी विजेरी मारा. विंचू आणि गांधीलमाश्यांना तुमच्याइतकाच कोरडा कोपरा हवा असतो. ओल्या कौलांवर कुणालाही चढवू नका, कितीही वाकबगार असला तरी.

भर जुलै आहे आणि गळतंय. आत्ता काय करू?

आत्ता घमेलं ठेवा. थेंब वाशावरून घरंगळत असेल तर त्या जागी सुतळी बांधून घमेल्यात सोडा, पाणी सुतळीवरून उतरतं आणि रात्रभर टपटप ऐकावी लागत नाही. सरकलेलं कौल आतूनच ढकलून जागेवर बसवता येतं. फुटलेल्यावर आतून डांबराचा गोळा लावू नका. बाहेरून शिरलेलं पाणी मग रिपेतच अडकतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या लोकांनी सगळं सामान माळ्यावर चढवलं होतं, त्यामुळे कागदपत्रं माळ्यावर ठेवायची सवय बऱ्याच घरांत राहिली आहे. ती तेवढी प्लास्टिकच्या बंद डब्यात टाका.

पक्कं काम दिवाळीनंतर, भिंती वाळल्यावर. ओल्या पृष्ठभागावर लावलेलं वॉटरप्रूफिंग फुगे धरतं आणि सुटतं.

ठेकेदाराला काय विचारायचं?

"पाणी कुठून येतंय ते मला दाखवा." तो छपराखाली न जाता, गच्चीवर उभ्या उभ्या चौरस फुटाचा दर सांगायला लागला, तर त्याला चहा पाजा आणि दुसरा बोलवा.